येसूबाईने लॅपटॉपचे कल्ले तपासले

आधीच सांगून ठेवतो, मी खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर तांडेल होतो, म्हणजे बोटीवरचा मुख्य. समुद्रात तांडेल खोटं बोलायला लागला तर खलाशी घरी कसे पोचणार? किनाऱ्याला लागल्यावर मात्र थोडं वाढवून बोलतो. मासा पाण्याबाहेर काढला की वजनाने जरा कमी होतो. ते कमी झालेलं वजन मी गोष्टीत भरून काढतो, एवढंच.

तर आमची शेजारीण येसूबाई. वय साठ, आवाज विशीतला, आणि डोळा असा की बंदरात तिच्या नजरेसमोर शिळा मासा आणायला लोक घाबरतात. बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून आतला लालपणा बघते आणि तो किती वाजता पाण्याबाहेर आला ते सांगते. एकदा लिलावात एका पेटीकडे लांबूनच बघून म्हणाली, "ही मंडळी काल गुहागरच्या बाजारात फिरून आलेली दिसतायत." पेटीवाला मटकन खालीच बसला. एकदा तर एका शिळ्या पापलेटाने तिच्यासमोर लाजून डोळे मिटले. माशाला पापण्या नसतात हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर ती गोष्ट सांगण्यासारखी.

बाजाराची एक रीत असते. पाटीत वर आजचे मासे, खाली हळूच कालचे दोनचार. सगळेच करतात. येसूबाई मात्र छातीवर हात ठेवून सांगायची, "माझ्या पाटीत कालचा मासा? समुद्र आटेल, पण ते व्हायचं नाय!" आणि हे सांगताना शेजारी बसणाऱ्या चिमाकडे बघायची. चिमा तिच्या बाजूला पंचवीस वर्षं मासे विकत बसलेली. दोघींचं भांडण एवढं जुनं की ते कशावरून सुरू झालं हे विचारलं तर त्यावरून भांडतात.

येसूबाईच्या भावाची मुलगी योगिनी. इथेच कॉलेजात फोटोग्राफी शिकते, शेवटचं वर्ष. पोर गुणी. पहाटे बंदरावर येऊन जाळ्यात पाय अडकवून चारदा पडते, पण कॅमेरा वर धरून पडते. गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनात तिने आत्याचा मोठा फोटो लावला होता. येसूबाई, पुढ्यात पाटी, पाटीत बांगडे. फोटो झकास. पण रंग! बांगड्यांचे कल्ले मातकट, आणि येसूबाई तर अशी पिवळट की बघणारी एक बाई हळहळून म्हणाली, "कावीळ झाली होती का हो यांना?"

दोष पोरीचा नव्हता. तिच्याकडे कुणाचातरी जुना लॅपटॉप होता. त्याचा पडदा भडक. सगळं आहे त्यापेक्षा लाल दाखवायचा. योगिनी बिचारी त्यावर बघून लाल कमी करत गेली, आणि छापून आलं तेव्हा लालच उरला नव्हता. सरांनी चष्मा काढून तिला सांगितलं, "पुढच्या वर्षी रंग असे चुकले तर तुझा फोटोंचा संच भिंतीवर लागणार नाही."

पण खरा घाव आत्याला बसला. दुसऱ्या दिवशी बाजारात गिऱ्हाइकं विचारायला लागली, "येसूबाई, ते फोटोतलेच का हे?" आणि चिमा गालातल्या गालात हसत बर्फ फोडत बसली. पूर्ण आठवडा येसूबाईने भाचीशी अबोला धरला. बोलायची ती भिंतीशी. "भिंती, तिला सांग, जेवण वाढलंय."

यंदा योगिनीने बंदराचे बारा फोटो काढले. सर्वांत चांगला संच मुंबईला मोठ्या प्रदर्शनात जाणार होता, आणि जमा करायला उरले होते आठ दिवस. जुन्या लॅपटॉपने तर नुकताच प्राण सोडला होता.

"नवा घेऊ," येसूबाई म्हणाली. यावेळी थेट योगिनीशी. "पण निवडणार मी."

"आते, तुला लॅपटॉपातलं काय कळतं?"

"तुला कळत होतं ना? मग मला कावीळ का झाली?"

यावर उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोणी विचारलं नाही. तरीही मी सोबत निघालो. रिकामा तांडेल आणि रिकामी होडी, वारा लागेल तिकडे जातात.

सोमवार होता. सोमवारी रत्नागिरीतली निम्मी गिऱ्हाइकं शंकराची, म्हणून येसूबाई दुपारीच मोकळी झाली आणि पाटीसकट रिक्षात बसली. रिक्षावाला काही बोलणार होता. तिने नुसतं बघितलं, त्याने मीटर टाकला.

मारुती मंदिराजवळ गुरुप्रसादचं दुकान. काचेचं दार, आत एसी असा की उंबरा ओलांडला आणि माझ्या मिशीवर दव जमलं. पाटी मी दाराबाहेर स्टुलावर ठेवली. गुरुप्रसाद तिशीचा, गुळगुळीत दाढी, बोलणं गोड. ओळीने लॅपटॉप मांडलेले, सगळ्यांचे पडदे उघडे.

योगिनीने पर्समधून कागद काढला. "सोळा जीबी रॅम हवी. एक टीबी एसएसडी. कॅमेऱ्याचं कार्ड घालायला खाच. आणि पडदा शंभर टक्के एसआरजीबी."

"हा कसला मंत्र गो?" येसूबाई मला म्हणाली.

मी समजावलं. "रॅम म्हणजे बोटीचा डेक. डेक मोठा असला की एका वेळी जास्त मासळी पसरून निवडता येते. एसएसडी म्हणजे पोटातली बर्फाची पेटी, निवडलेलं तिथे साठवायचं. प्रोसेसर म्हणजे इंजीन."

"आणि एसआरजीबी?"

"ते..." मी मिशी पुसली. "ते म्हणजे तुझा डोळा."

हे मी अंदाजाने बोललो होतो. पण योगिनी वळून बघतच राहिली. "आजोबा, बरोबर आहे की! पडदा रंग किती खरे दाखवतो, त्याचं मापच ते!" आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो आणि कोणीतरी त्याचं कौतुक केलं. मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

येसूबाई कामाला लागली. पहिल्या लॅपटॉपची मागची कडा तिने दोन बोटांनी धरली, कल्ला उचलावा तशी उचलली आणि बाजूच्या जाळीला नाक लावून हुंगली.

"मावशी, तिथून गरम हवा बाहेर येते," गुरुप्रसाद म्हणाला.

"गरम? म्हणजे बर्फात ठेवलेला नाय. बरं." आणि बांगड्याचं अंग दाबून बघतात तसा तिने पडद्यावर अंगठा दाबला.

अंगठ्याभोवती रंगांचा भोवरा उठला. गुरुप्रसादच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेरच्या रिक्षावाल्याने हॉर्न समजून रिक्षा बाजूला घेतली.

"ओरडतोस काय पोरा? खड्डा पडला नाय. वर आला लगेच. अंग घट्ट हाय."

"मावशी, हात न लावता बघा ना, प्लीज! हे बघा, हा आमचा टॉपचा पीस." त्याने तिला घाईघाईने ओळीच्या मधोमध असलेल्या लॅपटॉपसमोर नेलं. पडद्यावर पोपटांचा थवा होता. पोपट असे हिरवे की डोळ्यांना झोंबावेत. "कलर बघा! काळा बघा, काळा! असा काळा कुठे बघितलात?"

"माझ्या तव्याचा बघ येऊन. आणि मी पोपट विकत नाय. बांगडा दाखव."

"बांगडा?"

"बांगडा. पोपट खरा कसा असतो मला काय ठाऊक? मला जे ठाऊक हाय ते दाखव, मग खरं-खोटं सांगते."

मी बऱ्याच वादळांतून बोट काढली आहे, पण एवढं शहाणं वाक्य मी एसीत कधी ऐकलं नव्हतं. योगिनीचे डोळे चमकले. ती बाहेर धावली आणि पाटी आत घेऊन आली.

पाटीत सकाळचे तीनचार बांगडे उरले होते. येसूबाईने एक काढला. मग पाटीच्या तळाशी हात घालून, केळीच्या पानाखालून, आणखी एक काढला. दोघे लांबीला, जाडीला अगदी जुळे. फरक फक्त कल्ल्यात आणि डोळ्यात.

"हा आजचा, हा कालचा," ती म्हणाली.

"कालचा?" मी म्हटलं. "तुझ्या पाटीत?"

"मांजरासाठी ठेवला होता," ती चटकन म्हणाली आणि पदर खोचला.

गुरुप्रसादने हात जोडले, पण ते कोणाला ते कळलं नाही. काउंटरवर पांढरा कागद पसरला. योगिनीने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक नंबर आजचा, दोन नंबर कालचा. दोन्ही बांगड्यांचे कल्ले उघडून ठेवले आणि ती कॅमेऱ्याची बटणं लावत बसली. येसूबाईला गुरुप्रसादने चहा दिला होता; बशीत ओतून, पाठ फिरवून ती पीत होती.

आता माझा स्वभाव. चाळीस वर्षं समुद्रावर काढली, त्यात मजा म्हणून काही नव्हती. तेव्हापासूनची साठलेली मजा अजून मधूनमधून बाहेर येते. मी हळूच दोन्ही बांगडे उचलले आणि जागा बदलून ठेवले. आजचा दोनवर, कालचा एकवर. गुरुप्रसादने बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तो बिचारा आधीच अर्धमेला होता, गप्प राहिला. योगिनीने वर न बघता फोटो काढला, आणि मी बांगडे पानात गुंडाळून बाजूला ठेवले.

कार्ड पहिल्यांदा त्या टॉपच्या पीसमध्ये घातलं. पडद्यावर बांगडे आले आणि दुकान उजळलं! कल्ले माणकासारखे. दोन्ही बांगडे असे तजेलदार की कालचा आत्ता उडी मारून भाट्याच्या खाडीत जाईल असं वाटलं. खरं सांगतो, त्याची शेपटी हललेली मी बघितली.

"काय दिसतंय ना?" गुरुप्रसाद खुलला.

येसूबाई कपाळाला आठी घालून बघत राहिली. "दोन्ही ताजे दिसतायत."

"मग? मस्तच ना मावशी!"

"मस्त? अरे, एक कालचा हाय! ज्याला शिळा मासा ताजा दिसतो, त्याच्यावर भरोसा ठेवून पोरगी रंग लावणार? हाच तो, ज्यानं मला कावीळ केली. त्याचा भाऊ तरी असेल."

"सेटिंग बदललं की हाही खरं दाखवतो, मावशी."

"सांगितल्यावर खरं बोलणारा एक आमच्याकडे हाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "दुसरा नको. पुढचा दाखव."

पुढचा स्वस्तातला. त्यावर दोन्ही बांगडे असे पडले की मलाच त्यांना खांदा द्यावासा वाटला. "हा सगळ्यांनाच मारतो," येसूबाई म्हणाली. "चिमासारखा. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाय." आणखी एका लॅपटॉपवर मासे निळे दिसले. तिने हात झटकला.

कोपऱ्यात एक जाडजूड, काळपट लॅपटॉप होता. त्याच्या पडद्याला चकाकी नव्हती, अंगावर दिवे नव्हते. गुरुप्रसादने त्यावर दुकानाची बिलं ठेवली होती.

"तो?" योगिनीने विचारलं.

"तो कोणी घेत नाही, मॅडम. डल दिसतो. एकाने ऑर्डर दिली आणि आलाच नाही."

योगिनीने वाकून त्याच्या अंगावरची चिठ्ठी वाचली, आपल्या कागदाशी ताडून बघितली आणि कार्ड घातलं.

बांगडे आले. चमक नाही, भपका नाही. येसूबाई पुढे सरकली. चहाची बशी तिने हातातच धरली होती; ती तिरकी झाली आणि चहा माझ्या पायावर सांडला, तरी तिचं लक्ष नाही. नाक पडद्याला टेकेपर्यंत ती वाकली. मग सरळ झाली, आणि हळूहळू माझ्याकडे वळली.

"तांडेल."

"काय गो?"

"एक नंबर कालचा हाय. दोन नंबर आजचा. तुमी मासे बदललेत."

"मी? ह्या वयात?"

"व्हय, ह्या वयात! तुमच्या जिभेला हाड नाय आणि हाताला लाज नाय!"

योगिनीने पान सोडून दोन्ही बांगडे बघितले, पडदा बघितला, पुन्हा बांगडे बघितले. गुरुप्रसादने तर बिलांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून शपथेवर सांगितलं, "बदलले, मावशी. मी बघितलं. आजोबांनी बदलले."

"मेल्या, मग तेव्हा गप्प का बसलास?" असं म्हणून तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. चांगल्या सुरमईवर ठेवतात तसा. "हा घ्यायचा. ह्याला कोणी फसवू शकत नाय."

"आणि आते, रॅम सोळाच आहे! कार्डाची खाचपण आहे!" योगिनी टाळ्या वाजवत होती. तोलमोल येसूबाईने केलं. त्याचं वर्णन मी करत नाही. गुरुप्रसादला लहान मुलं आहेत, उद्या त्यांनी वाचलं तर? एवढंच सांगतो की लॅपटॉपसोबत बॅग, माऊस आणि दुकानातलं कॅलेंडर आलं. तेव्हापासून त्या दुकानातले सगळे पोपट गेले आणि प्रत्येक पडद्यावर बांगडा आला, असं म्हणतात. म्हणतो मीच, पण म्हणतात.

पुढचे पाच दिवस योगिनी फोटो नीट करत बसली आणि आत्या तिच्या बाजूला पाटावर. "ह्या पाण्याचा रंग बरोबर हाय. सकाळी सातचं पाणी." "शिवा खलाशाच्या जाळ्याचा हिरवा एवढा हिरवा नाय, मळलेला असतो." पोर ऐकायची, कमीजास्त करायची. मी दारात बसून सूचना द्यायचो. त्या कोणी ऐकल्या नाहीत.

मग आला सात नंबरचा फोटो. बाराही फोटोंत तो सरस. कोवळं ऊन, येसूबाईचे दोन हात पाटीतले बांगडे बाजूला करतायत, बांगड्यांच्या पाठीवरच्या रेषा अशा की मोजाव्यात. योगिनीने तो मोठा केला. आणि आत्याची बडबड बंद झाली.

मी आत जाऊन बघितलं. वरचे बांगडे तांबड्या कल्ल्यांचे, काचेच्या डोळ्यांचे. पण खालच्या कोपऱ्यात, दोन्ही हातांच्या मधून, दोन बांगडे डोकावत होते. कल्ले विटकरी. डोळे खोल गेलेले. तो प्रामाणिक लॅपटॉप त्यांना अगदी स्वच्छ, ठळक दाखवत होता.

"ते मांजराचे," येसूबाई म्हणाली.

हे सांगायला हवं की येसूबाईकडे मांजर नाही. कधीच नव्हतं.

"आते..." योगिनीने मान खाली घातली.

"त्या दोघांना जरा लाल कर गो. तुला येतं ना?"

"येतं. दोन मिनिटांचं काम. पण सर म्हणतात, जे समोर होतं तेच दाखवायचं. त्यांना कळलं तर संचच बाहेर काढतील."

"मग हा फोटोच काढून टाक," मी म्हटलं. पोरीचा चेहरा असा पडला की मी जीभ चावली. त्या फोटोसाठी ती थंडीत दहा पहाटे बंदरावर उभी राहिली होती, आणि तोच नसेल तर बाकीचे अकरा मुंबईला जाणार नाहीत हे तिघांनाही कळत होतं.

येसूबाई उठली, आत गेली, भांडी आपटली. चहा केला, तो विसरली, तशीच परत आली. "राहू दे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी माझे ताजे शिळे दाखवलेस. ह्या वर्षी शिळे शिळे दाखव. निदान पोरीच्या कामात खोट नको."

बारा फोटो कॉलेजच्या प्रदर्शनात भिंतीवर लागले. सर पहिल्यापासून शेवटापर्यंत चालत गेले, परत आले, चष्मा काढला. यावेळी डोळे पुसायला. "रंग," ते एवढंच म्हणाले, "रंग!"

आणि सात नंबरच्या फोटोसमोर, कोपरा नेमका झाकला जाईल अशी, नऊवारीचा पदर पसरून येसूबाई उभी. तीन दिवस. डबा तिथेच खाल्ला. सर म्हणाले, "मावशी, जरा बाजूला होता का? लोकांना फोटो बघायचाय."

"मी फोटोतलीच हाय. मला बघा की!"

सरांना वाटलं, केवढं हे प्रेम.

तिसऱ्या दिवशी चिमा आली. तिला कोणी सांगितलं विचारू नका. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, "सात नंबर बघ, कोपरा सोडू नको." दोघी समोरासमोर आल्या. मी खुर्ची ओढून घेतली.

"सरक," चिमा म्हणाली.

"नाय सरकत."

"काय लपवतंस बघू तर दे!" चिमाने डावीकडून वाकून बघितलं, येसूबाई डावीकडे. उजवीकडून, ही उजवीकडे. असं करता करता चिमा मागे मागे सरकत गेली आणि तिची पाठ शेजारच्या फोटोला टेकली. वळून बघते तर आठ नंबर. बाजाराचा फोटो, आणि मधोमध चिमाची पाटी. तिच्या पाटीत तळाला विटकरी कल्ल्यांचे चार बांगडे.

चिमाने ते बघितले. येसूबाईने चिमाला बघताना बघितलं.

मग चिमाने पदर सोडला, नीट पसरला आणि आठ नंबरासमोर उभी राहिली. "येसू," ती हळूच म्हणाली, "डब्यात काय आणलंस?"

संच मुंबईला निवडला गेला. योगिनी पेढे घेऊन आली, पाया पडली. मी आशीर्वाद देणार तेवढ्यात येसूबाईने विचारलं, "मुंबईला किती दिवस असतं हे?"

"दहा दिवस, आते."

येसूबाई बाहेर गेली आणि दोन घरं पलीकडे हाक मारली, "चिमा गो! दहा दिवसांच्या साड्या घे!"